स्लो कुकरला चव नाही म्हणण्याआधी वाटण भाजलं होतं का ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की सुनेने घरी स्लो कुकर (मंद धगीवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) आणलाय, त्यातलं मटण नुसतं उकडलेलं लागतं, ना रंग ना वास, आणि आपल्या मसाल्याच्या जेवणाला असली परदेशी भांडी चालतच नाहीत. मी ते पत्र ठाण्याहून पनवेल गाडीत बसून वाचलं आणि तुर्भे येईपर्यंत मनातल्या मनात काकांना उत्तर देत होते, शेवटी म्हटलं लिहूनच टाकू.

काका खोटं बोलतायत असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यांच्या ताटात जे आलं ते तसंच असणार, माझ्याकडेही पहिला महिनाभर तसंच व्हायचं. पण तो दोष भांड्याचा नाही हो, आपण त्या भांड्याकडून जे काम करून घ्यायला बघतो ते त्याचं कामच नाहीये, आणि हे एकदा कळलं की आठवड्यातले पाचही दिवस घरात वासाने भूक लागेल असं जेवण होऊ शकतं, अगदी आमच्यासारख्यांच्या घरातसुद्धा.

आमच्यासारख्यांच्या म्हणजे काय ते सांगते. आम्ही कासारवडवलीला राहतो, माझं ऑफिस बेलापूरला. सकाळी साडेसातला घर सोडायचं, घोडबंदर रोडवरून रखडत ठाणे स्टेशन गाठायचं, तिथून ट्रान्स हार्बरची गाडी, संध्याकाळी हेच उलट. घरात पाय ठेवते तेव्हा आठ वाजलेले असतात, कापूरबावडीला अडकले तर साडेआठ. नवरा तळोज्याला, त्याचीही तीच गत. दोन मुलं, आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे त्यांना आता ओट्यापाशी दहा मिनिटंसुद्धा उभं राहू देत नाहीत. रात्री आमच्याकडे काय असायचं तर खिचडी, नाहीतर भुर्जी, नाहीतर सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीवाला. मुलं काही बोलायची नाहीत पण मलाच वाईट वाटायचं, कारण मी ज्या घरात वाढले तिथे रोज संध्याकाळी जिन्यातच कळायचं आज काय शिजतंय ते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून स्लो कुकर घेतला. साडेतीन लिटरचा, आतलं भांडं जाड चिनीमातीचं, वर काचेचं झाकण, बटणं तीन, लो, हाय आणि वॉर्म. पहिल्या रविवारी मी गॅसवरची रेसिपी जशीच्या तशी त्यात ओतली. कच्चा कांदा, कच्चं ओलं वाटण, मटण, चार वाट्या पाणी, सगळा मसाला एकदमच, आणि लोवर आठ तास. झाकण उघडलं तर वर पिवळट पाणी, त्यात खोबऱ्याचे पांढरे कण तरंगतायत, कांदा फिकाच, मटण मात्र हाडापासून सुटलेलं. मुलीने दोन घास खाल्ले आणि दहीभात मागितला. काकांच्या ताटात हेच आलं असणार ना?

तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, उठून हळूहळू ओट्यापाशी आल्या. त्या पेणजवळच्या गावच्या, अर्धं आयुष्य चुलीवर गेलेलं. भांड्याच्या कडेला तळवा लावून बघितला, मग वाकून झाकणाजवळ कान नेला. आत खळखळ नाही, काही नाही, कधीतरी एखादा बुडबुडा वर येऊन फुटणार तेवढाच आवाज. आणि म्हणाल्या, "अगं, हा तर वैल आहे. वैलावर कधी कोणी कांदा परततं का?"

ज्यांनी चूल बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, चुलीच्या पुढच्या तोंडावर सगळा जाळ असतो आणि बाजूला किंवा मागे एक दुसरं तोंड असतं, तो वैल. त्याला स्वतःचा जाळ नसतो, पुढचा जाळ जाता जाता जी धग देईल ती. आईंच्या घरी पद्धत अशी होती की पुढे कढईत कांदा-खोबरं भाजायचं, पाट्यावर वाटायचं, पुढेच तेलावर परतायचं, मटण त्यात चांगलं घोळून घ्यायचं आणि मग ते भांडं सरकवायचं वैलावर, कारण पुढे आता भाकऱ्या करायच्या असतात. वैलावर ते दोन दोन तीन तीन तास मुरत राहायचं, कोणी बघायचंसुद्धा नाही. वाढायच्या आधी परत पुढे ओढून एक उकळी, वरून लसणाची चरचरीत फोडणी, मूठभर कोथिंबीर. म्हणजे तीन कामं झाली, आणि स्लो कुकर त्यातलं फक्त मधलं करतो. मी त्याच्याकडून तिन्ही करून घ्यायला बघत होते.

हे कळल्यावर मी जरा वाचलं, कारण मला नुसतं असंच करतात म्हणून चालत नाही, का ते हवं असतं. रश्शात जोवर पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, आणि स्लो कुकर तर उकळीच्या जरा खालीच राहतो. लो आणि हायमध्ये फरक मुख्यतः तिथे पोचायला किती वेळ लागतो एवढाच. आपलं खमंगपण, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याचा, तांबूस कांद्याचा, तेलात परतलेल्या वाटणाचा जो वास आहे तो भराभर यायचा तर १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आणि ती मिळते कोरड्या कढईत नाहीतर तेलात. पाण्यात बुडालेलं खोबरं आठ तास ठेवा नाहीतर अठरा, ते भाजलं जाणार नाही. दुसरं असं की झाकणाखाली वाफ थंड होऊन परत खालीच पडते, पाणी आटतच नाही, म्हणून गॅसवर चार वाट्या लागतं तिथे इथे दीड वाटी पुरते, बाकी मटण आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतातच. आणि तिसरं, दळलेल्या मसाल्याचा सुवास आठ तासांत उडून जातो, उलट लवंग, दालचिनी, मसाला वेलची असे खडे मसाले एवढा वेळ राहिले की सगळ्यावर बसतात. म्हणून खडा मसाला नेहमीच्या निम्मा आणि सुरुवातीला, गरम मसाला किंवा गोडा मसाला शेवटी.

आता परदेशी भांडं या मुद्द्यावर. स्लो कुकरचा शोध शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांचा, अर्ज १९३६ चा आणि पेटंट मिळालं १९४० ला, पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तो क्रॉकपॉट या नावाने बाजारात आला. पण नॅक्सनना ते सुचलं कुठून, तर त्यांच्या आईने सांगितलेल्या गोष्टीतून. आईचं माहेर लिथुआनियातलं, ज्यू कुटुंब. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, त्यात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य-मांसाचं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन ठेवायचं आणि विझत चाललेल्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. आता ठाणेकरांना हे परकं वाटायचं कारण काय? शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना आपल्या कोकणात शनवार तेली म्हणायचे ती बेने इस्रायली मंडळी आपल्याच रायगड-ठाण्याची, मराठी बोलणारी, आणि ठाण्यातलं त्यांचं प्रार्थनास्थळ १८७९ पासून उभं आहे. शनिवारी विस्तवाला हात न लावणारी माणसं आपल्या शेजारीच राहत आली आहेत. आणि कामावर जाताना भांडं लावून जायचं, आल्यावर जेवायचं ही कल्पनासुद्धा आपल्या देशात नवीन नाही, कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमाराला इकमिक कुकर केला होता, खाली कोळशाची धग आणि वर डबे. त्यामुळे वैल म्हणा, बेकरीची भट्टी म्हणा, इकमिक म्हणा, गरज एकच, माणूस दुसरीकडे कामात आहे आणि घरी अन्न शिजायला हवं.

आमच्याकडे बुधवारचं मटण कसं होतं ते सविस्तर लिहिते म्हणजे काकांच्या सुनेला उपयोग होईल. पाऊण किलो मटण, खांद्याचं आणि नळीचं, हाडासकट. मांडीचे चकचकीत गोळे घेऊ नका, ते महाग पण असतात आणि एवढ्या वेळाने चोथ्यासारखे होतात. खांद्यात आणि नळीत जे चिवट पांढरं असतं तेच तासन्‌तासाच्या मंद धगीत विरघळून रस्सा दाट करतं, बोटाला चिकटतो ना तसा. मंगळवारी रात्री मटणाला आलं-लसूण, हळद, मीठ लावून फ्रिजमध्ये. त्याच वेळी दोन मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलावर चांगले तांबूस, अगदी कडा काळपट होईपर्यंत, अर्धी वाटी सुकं खोबरं वेगळं भाजायचं, चार लवंगा, चमचाभर धणे, थोडी खसखस, मिक्सरला वाटायचं आणि कढईत दोन पळ्या तेलावर आगरी मसाला घालून तेल सुटेपर्यंत परतायचं. गार झालं की डब्यात भरून फ्रिजमध्ये. याला पंचवीस मिनिटं जातात आणि ती रात्रीची पंचवीस मिनिटं टाळता येत नाहीत, टाळली की काकांचं पत्र येतं. सकाळी कढई तापवायची, वाटण त्यात गरम करायचं, मटण पाच-सात मिनिटं मोठ्या आचेवर परतायचं, दीड वाटी उकळतं पाणी आणि सगळं गरमच्या गरम भांड्यात. गार घातलं तर ते नुसतं तापायलाच तास-दोन तास घेतं आणि तेवढा वेळ मटण कोमट राहणं चांगलं नाही. सव्वासातला लो लावते, आठ तासांनी माझा कुकर आपोआप वॉर्मवर जातो, नाही गेला तर आई बटण फिरवतात. जुन्या साध्या मॉडेलला हे होत नाही, त्यामुळे दिवसभर घरी कोणी नसेल तर टायमरवालाच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

रात्री आल्यावर चप्पल काढायच्या आधी वास येतो. मग पाच मिनिटांचं काम. कढल्यात दोन चमचे तेल, चार लसूण पाकळ्या ठेचून, लालसर झाल्या की गॅस बंद, अर्धा चमचा लाल तिखट, आणि ते चर्रकन रश्शावर ओतून लगेच झाकण. अर्धा चमचा गरम मसाला, कोथिंबीर. तोवर दुसरीकडे कुकरला भात, भाकरी खालच्या पोळीभाजी केंद्रातून. रस्सा पातळ वाटला तर त्यातलाच वाटीभर कढईत काढून मोठ्या आचेवर आटवायचा आणि परत ओतायचा, पीठ लावायची गरज पडत नाही. परवा आईंनी तुकडा तोंडात घालून डोळे मिटले आणि काही बोलल्याच नाहीत, नुसती वाटी पुढे केली. मला तेवढं पुरलं.

कडधान्यांत काळ्या वाटाण्याची आमटी सगळ्यात छान होते, आणि काळे हरभरे. रात्री भिजवताना पाण्यात थोडं मीठ घालते. मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपल्याकडे म्हणतात पण भिजवायच्या पाण्यातलं मीठ उलट सालं मऊ करतं, करून बघा. आंबट मात्र अजिबात आधी घालायचं नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो हे आधी पडले की कडधान्य टणक राहतं, मग बारा तास ठेवलं तरी दाताखाली कचकच, म्हणून आमसुलं शेवटच्या अर्ध्या तासात. नारळाचं दूधही तेव्हाच, आधी घातलं तर फाटतं, आणि दही तर मी त्यात घालतच नाही. बटाटा, सुरण यांना मटणापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मला आधी खरंच वाटत नव्हतं, त्यांचे तुकडे लहान करून तळाला आणि कडेला लावायचे.

आता राजम्याबद्दल, आणि खरं सांगायचं तर या पत्राचं निम्मं कारण हेच आहे.

कुकर आणल्यावर दुसऱ्या महिन्यात मी राजमा केला. रात्री भिजवला, सकाळी मसाल्यासकट तसाच कच्चा भांड्यात घालून लोवर लावून गेले. संध्याकाळी दिसायला एकदम छान होता, जरासा टणक, पण म्हटलं असू दे, नऊ वाजले होते. साडेअकराला मुलाला उलट्या सुरू झाल्या, थांबेनातच, मग नवऱ्याला, मग मला. आईंनी खाल्ला नव्हता, त्या एकट्या उभ्या होत्या, गुडघे धरून सगळ्यांना पाणी देत होत्या. मुलाला रात्री दोनला जवळच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावावं लागलं, तो तेव्हा चौथीत होता. त्याचा हात धरून बसले होते आणि मला कळत नव्हतं की ताजं, घरचं, स्वच्छ अन्न खाऊन हे कसं झालं. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले, काय खाल्लं आणि कशात शिजवलं.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य नैसर्गिकच असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरतात, त्रास एक ते तीन तासांत सुरू होतो. खळखळ उकळीने ते नष्ट होतं, म्हणून आपल्या शिट्टीच्या कुकरने कधी कोणाला काही झालं नाही आणि आपल्याला त्याची माहितीच नाही. पण मंद धगीवर ते जात नाही, उलट ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट विषारी होऊ शकतो. म्हणजे अर्धवट शिजलेला जास्त वाईट! म्हणून राजमा निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात गॅसवर खळखळ उकळायचा आणि मगच स्लो कुकरमध्ये. १० मिनिटांची उकळी पुरते असं काही अभ्यासात आहे पण अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन खात्रीसाठी ३० मिनिटं सांगतं. मी सरळ प्रेशर कुकरला चार शिट्ट्या देते आणि मग मसाल्यात मुरायला स्लो कुकरमध्ये टाकते, चव तीच येते. पांढऱ्या राजम्यातही ते असतं, लालपेक्षा कमी. आता मी वाटाणा-हरभरा असला तरी दहा मिनिटं उकळूनच घालते, एकदा ती रात्र काढल्यावर दहा मिनिटांचा कंटाळा येत नाही.

माझ्या कुकरबरोबर आलेली पुस्तिका चाळीस पानांची होती, इंग्रजीत, बीफ स्ट्यू होता, ॲपल सॉस होता, राजम्याबद्दल एक ओळ नव्हती. ज्या देशात राजमा-चावल घराघरात होतो तिथे विकायचं भांडं आणि ही एक ओळ नाही. मला याचा अजून राग येतो.

बाकी काळजीच्या गोष्टी भराभर सांगते. भांडं निम्म्यापेक्षा कमी आणि पाऊणपेक्षा जास्त भरू नका. फ्रीझरमधलं दगडासारखं चिकन तसंच टाकू नका, आधी फ्रिजमध्ये सुटू द्या. सारखं झाकण उघडून बघू नका, दर वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात. उरलेलं त्याच भांड्यात गार करत ठेवू नका, चिनीमाती तासन्‌तास कोमट राहते, पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला. आणि पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा काय? मी मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघते, ते शून्यावर येऊन लुकलुकत असेल तर मधे लाईट गेली होती, किती वेळ ते आईंना आठवलं तर ठीक, घरी कोणीच नसेल तर ते अन्न टाकून द्यायचं, शिजलेलं दिसलं तरी. जीव जळतो मटण टाकताना, पण टाकायचं. जुलै-ऑगस्टमध्ये म्हणूनच मी तो फक्त घरी असताना लावते.

खर्चाचं विचारतात सगळ्या, ट्रेनमध्ये पण विचारतात. माझा २०० वॅटचा आहे, आठ तास म्हणजे जास्तीत जास्त १.६ युनिट, युनिटला १० रुपये धरले तरी १६ रुपये. प्रेशर कुकर त्याहून स्वस्तात करतो हे खरंच आहे आणि तूरडाळ, मूग, मसूर यांच्यासाठी मी आजही तोच लावते, आठ तासांत त्यांची नुसती पेस्ट होते. वालाचं बिरडं पण नाही, दाणा अख्खा राहायला हवा तो राहत नाही. मासे अजिबात नाहीत, कोळंबी घालायचीच तर शेवटची पंधरा-वीस मिनिटं. ब्रॉयलर चिकनचे बोनलेस तुकडे आठ तासांत दोऱ्यासारखे सुटतात, तंगड्या घ्या आणि पाच तासांत बंद करा, गावठी कोंबडी मात्र अशी काही होते की बस. पाया रात्री दहाला लावायचा, सकाळी सहाला घरभर वास, वरची चरबी काढून मिरपूड आणि लिंबू, डिसेंबर-जानेवारीत आमच्या आईंचा हाच नाश्ता असतो आणि त्या पेणच्या पोपटीच्या गोष्टी सांगायला लागतात, शेतात मडकं उपडं घालून, भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा, वरून जाळ, पाण्याचा थेंब नाही. ते या भांड्यात होणारच नाही, कोणी करून बघू नका.

काकांना एक मनापासून सांगायचंय, राग मानू नका. तुम्ही लिहिलंत की सुनेने केलेल्या मटणाला चव नाही. सून कामाला जात असणार, म्हणून तर तिने स्लो कुकर आणला. शेवटची जी फोडणी आहे ना, पाच मिनिटांची, ज्याने सगळा फरक पडतो, ती संध्याकाळी साडेसातला तुम्ही घाला. आमच्याकडे रात्री वाटण भाजायचं काम आता नवऱ्याचं आहे, पहिले दोन आठवडे खोबरं करपलं, आता माझ्यापेक्षा छान भाजतो, मंद आचेवर, हलवत उभा राहतो. चुलीपुढे बसायला बाईच लागायची, वैलावरचं मटण सांभाळायला पण तीच. आता धग भांडं सांभाळतंय तर बाकीचं वाटून घेऊ या ना.

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला पाककृती असतात, मी कापून ठेवते, पण त्यात "मऊ होईपर्यंत शिजवा", "अंदाजे पाणी" असं असतं. गॅसवर ते चालतं, माणूस समोर उभा असतो. जी बाई किंवा जो बाप्या सकाळी लावून जाणार आणि रात्री येणार त्याला अंदाज काय कामाचा? वजन ग्रॅममध्ये, पाणी वाट्यांत, तास किती, लो का हाय, आधी काय आणि शेवटी काय, असं लिहून घ्या ना पाककृती पाठवणाऱ्यांकडून, निदान महिन्यातून एकदा. आपल्याच पदार्थांच्या, काळ्या वाटाण्याच्या, पायाच्या, गावठी कोंबडीच्या. ठाणे-नवी मुंबईत साडेसातला घर सोडणारी आणि आठला परत येणारी घरं किती आहेत ते तुमच्याच ऑफिसात विचारून बघा.

हे पत्र खूप मोठं झालंय, जागा नसेल तर माझं मटण, आईंचा वैल, सगळं कापा. राजम्याचा तेवढा परिच्छेद ठेवा आणि तो चौकटीत छापा, मोठ्या अक्षरात.

आपली एक नियमित वाचक,
कासारवडवली, ठाणे